शिमग्याआधी पत्रा पांढरा करा

मे महिन्यातले दुपारचे चार वाजलेत. चंद्रपूर, ब्रह्मपुरी किंवा अकोल्याच्या बाजूचं एखादं गाव. बातमीत आजचा पारा ४४ सांगितलाय. हा ४४ मोजला गेला तो उघड्या मैदानातल्या, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, खेळत्या हवेत. त्याच वेळी पत्र्याच्या एका खोलीत बाजेवर पडलेल्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यापासून चार हातांवरचा पत्रा ६५-७० अंशांवर तापलेला असतो. त्याची आच सरळ तिच्या अंगावर उतरते. खोलीतली हवा बाहेरच्या सावलीपेक्षा दोन-चार अंशांनी जास्तच गरम असते. खिडकी एकच, तीही झळ येते म्हणून लावून घेतलेली. उन्हात जाऊ नका, हे तिला सगळ्यांनी सांगितलेलं असतं आणि ती गेलेलीही नसते.

उन्हाळ्याची तयारी म्हटलं की आपल्याकडे पाणपोई, भिंतीवरचं पोस्टर आणि सरकारी रुग्णालयातला उष्माघात कक्ष एवढंच डोळ्यांसमोर येतं. ही तिन्ही लागतातच. पण ज्यांचा जीव जातो त्यातले पुष्कळजण घरातच असतात आणि पाणपोईपर्यंत पोचत नाहीत. म्हणून गावाची किंवा वस्तीची तयारी घरापासून, म्हणजे छपरापासून करायची, आणि ती शिमग्याआधी उरकायची. एप्रिलमध्ये पत्र्यावर माणूस चढवणं म्हणजे त्याचेच पाय भाजणं.

छपराचं काम सोपं आहे, पण त्यात एक चूक हमखास होते. चुना स्वस्त म्हणून लोक तो पत्र्यावरही मारतात. जस्ताच्या पत्र्यावर चुना धरत नाही. पंधरा दिवसांत पापुद्रे सुटतात आणि चुन्याचा क्षार जस्ताला खातो तो वेगळाच. चुना फक्त सिमेंटच्या स्लॅबसाठी. पत्र्याला आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडून, धुऊन, वाळवून प्रायमर लावायचा आणि मग बाहेरच्या कामाचा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग मारायचा, एकावर एक दोन हात. दुसरा हात पहिल्याला आडवा. दोन्ही हात सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं कलल्यावर मारायचे, कारण तापल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आधीच सुकतो आणि मग त्याचा पोपडा होतो. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो म्हणून त्याला रंग नको, असं काहीजण सांगतात. तो ऊन परतवतो हे खरं, पण जेवढी उष्णता आत घेतो तेवढी बाहेर सोडत नाही, म्हणून तोही तापतोच. पांढरा रंग दोन्ही कामं करतो.

स्लॅबसाठी कळीचा चुना रात्रभर भिजवायचा. भिजताना तो उकळतो, म्हणून लोखंडी पिंप घ्यायचं, प्लास्टिकची बादली नाही. पोरं लांब ठेवायची. डोळ्यात उडाला तर डोळा जायची भीती, म्हणून चष्मा हवाच. सकाळी कापडातून गाळायचा आणि किलोभर चुन्याला पाच लिटर पाणी असं पातळ करायचं. धरून राहावा म्हणून डिंकाचं पाणी किंवा थोडं पांढरं सिमेंट घालायचं. स्लॅब झाडून, धुऊन, ओला असतानाच पहिला हात मारायचा. हे एका उन्हाळ्याचं काम आहे, पावसात धुऊन जातं. त्यामुळे पन्हाळीचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडलेलं असेल तर पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर काढून द्या.

एवढ्याने आतली हवा साधारण २ ते ५ अंशांनी उतरते. आकडा लहान वाटेल, पण पत्र्याची आच डोक्यावर येणं थांबतं आणि सुटका वाटते ती त्याने. जिथे रंगाला पैसे नाहीत तिथे पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधाव्या. दोन्ही टोकांना वारा जायला फट हवी, नाहीतर मधली हवा तापून तीच खाली येते. वर तुराट्या किंवा पऱ्हाट्या, म्हणजे तूर-कपाशीच्या वाळक्या काड्या, पसरायची जुनी रीत उत्तमच आहे. पण मेमध्ये त्या वाळून कोळ झालेल्या असतात, आणि शेजारी चूल किंवा लोंबती वीजतार असली की एका ठिणगीत चार घरं जातात. चुलीच्या घरावर तुराट्या नकोत. तिथे हिरवी जाळी बांधावी, तीही पत्र्याला चिकटवून नाही, दीड-दोन फूट वर ताणून. वावटळीत फाटू नये म्हणून कडेला दोरीची शिवण घालायची.

आता कूलर. विदर्भात त्याच्याशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि त्यानेच दर उन्हाळ्यात माणसंही जातात.

आधी तो चालतो कसा ते पाहू. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीत पारा २३ च्या आसपास दिसेल. हवा पाण्याने जितकी थंड होऊ शकते त्याची ती हद्द. चांगला कूलर त्या अंतराच्या पाऊण भागापर्यंत पोचतो, म्हणजे २८-२९ अंशांची हवा फेकतो. हे जमायला कूलर खिडकीबाहेर हवा, त्याला बाहेरची कोरडी हवा मिळायला हवी, आणि समोरची खिडकी किंवा दार हात-दीड हात उघडं हवं. थंडावा जाऊ नये म्हणून लोक सगळं बंद करतात. मग अर्ध्या तासात खोली दमट होते, घाम सुकत नाही आणि कूलर चालू असूनही जीव घाबरा होतो.

जीव जातो तो शॉकने. लोखंडी पेटी, आत पाण्यात बुडालेला टुल्लू पंप, खाली ओली फरशी, अनवाणी पाय आणि दोन पिनांचा प्लग. टुल्लूच्या वायरचं आवरण एका हंगामात कडक होऊन तडकतं आणि वीज पाण्यात, पाण्यातून पेटीत उतरते. कूलर मांडायच्या आधी चार गोष्टी बघायच्या. तीन पिनांचा प्लग आहे का. हिरवी वायर पेटीला बोल्टने, खाली रंग खरवडून, घट्ट बसवली आहे का. घराचं अर्थिंग खरोखर जिवंत आहे का, की सॉकेटमागे वायर नुसती लोंबते आहे. आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी आहे का, जो गळती होताच क्षणात वीज तोडतो. वस्तीत एक वायरमन दोन दिवस फिरवला तर सगळे कूलर तपासून होतात, आणि ग्रामपंचायतीने या खर्चाला मागेपुढे पाहू नये असं मला ठामपणे वाटतं. बाकी घरात एकच नियम: पाणी भरण्याआधी प्लग सॉकेटमधून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण पुष्कळ घरांत बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असतं.

कूलर तापल्या दिवशी शंभर लिटरहून अधिक पाणी पिऊ शकतो. बोअरचं पाणी खारं असेल तर कूलरच्या जाळीतल्या गवतावर पांढरी खपली धरते आणि हवा अडते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून तळ घासायचा. क्षार जातात आणि डासांची अंडीही जातात. उन्हाळ्यात तळाशी राहिलेलं ते पाणी जुलैत डेंग्यू घेऊन येतं.

कोकणात, मुंबईत, गोव्यात यातलं फारसं चालत नाही. ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याचा पारा २८ च्या वर असतो, म्हणजे कूलर देऊन देणार काय? तिथे पारा चाळिशीला न पोचताही शरीराची अवस्था वाईट होते, कारण घाम येतो पण उडत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर दुपारी उघड्यावर लोक बसले होते आणि १४ जणांचा जीव गेला. पारा चाळिशीच्या खालीच होता. किनाऱ्यावर नुसत्या आकड्यावर जाऊ नये. सावली, पंखा, ओलं कापड, बर्फ आणि दुपारी ११ ते ४ मोठा जमाव न भरवणं, हीच तिथली तयारी.

हवामान खात्याचे निकष सगळ्यांना नीट माहीत हवेत, कारण गावची चक्रं त्यावर फिरतात. मैदानी भागात किमान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश गाठले, आणि पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, तर उष्णतेची लाट. साडेसहाच्या वर गेला तर तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, ४५ ला लाट आणि ४७ ला तीव्र लाट. आता चंद्रपूरची मेमधली सरासरीच ४३ च्या आसपास. तिथे सलग आठवडाभर ४४.५ राहिलं तरी या मोजमापात ती लाट ठरत नाही, आणि माणसं मात्र आठवडाभर भाजत असतात. म्हणून आपल्या वस्तीचा उंबरठा आपण ठरवायचा. अहमदाबादने तेच केलं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ ला गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. तेव्हा शहराने रोजचं तापमान आणि रोजचे मृत्यू समोरासमोर मांडले आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला. ४१ च्या पुढे पिवळा इशारा, ४३ च्या पुढे नारिंगी, ४५ ला लाल, आणि प्रत्येक रंगाला कोणी काय करायचं ते ठरलेलं.

रात्रीचा आकडाही पाहायचा. दिवसभर तापलेली वीटभिंत आणि स्लॅब मध्यरात्र उलटली तरी उष्णता सोडत असतात. रात्रीचं तापमान ३० च्या खाली उतरलं नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. अशा दोन-तीन रात्रींनंतर हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण साध्या दिवशीही कोसळतो. गावात अंगणात, गच्चीवर झोपता येतं. शहरातल्या चाळीत, झोपडपट्टीत बायकांना ती सोय नसते. तिथे शाळेचा हॉल किंवा समाजमंदिर रात्री उघडं ठेवावं लागतं आणि त्याची किल्ली कोणाकडे हे आधी ठरवावं लागतं.

आता यादी. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि वस्तीतले दोन-चार जाणते यांनी बसून फेब्रुवारीत करायची. एकटे राहणारे म्हातारे, अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया, वर्षाच्या आतली बाळं, रोज दारू घेणारे, आणि काही औषधं चालू असलेले: लघवी जास्त होण्याची गोळी, बीपी-हृदयाच्या काही गोळ्या, मानसिक आजाराची औषधं. यांत घाम कमी येतो, पाणी कमी पडतं किंवा तहानच कळत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवायचं. इन्सुलिनवाल्या घरात फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात कोरड्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं.

एका माणसाकडे पाच घरं, जास्त नाही. फेरी संध्याकाळी पाचला, कारण घर तेव्हा सर्वात तापलेलं असतं. "बऱ्या आहात ना?" असं विचारलं की "हो, बरीच आहे" हेच उत्तर येतं. विचारायचं असं: "आजी, सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात? रंग कसा होता?" "काल रात्री डोळा लागला का?" आणि पाण्याचा गडू हातात देऊन समोर पिऊ द्यायचं. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज चिडचिड करत असेल, शब्द अडखळत असतील किंवा तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारत असेल, तर तो स्वभाव समजून निघून यायचं नाही.

बायका कमी पाणी पितात यामागे आडोशाचा प्रश्न असतो. रोजगार हमीच्या (रोहयो) कामावर, वीटभट्टीवर लघवीला जागा नसेल तर कितीही माठ ठेवा, बाई घोटावरच भागवणार. चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा इथे माठाइतकाच महत्त्वाचा. रोहयोच्या कायद्यात कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी लिहिलेलीच आहे, ती हक्काने मागावी. उन्हात कष्टाचं काम करताना दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, तासाला दीड लिटरच्या वर नाही. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि त्यानेही झटके येतात. नवा मजूर पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्शापुरताच उन्हात ठेवायचा आणि रोज तेवढंच वाढवत न्यायचं. शरीर सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सगळं काम पहाटे हलवा, असा सल्ला सरसकट दिला जातो. पण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे तेंदूपत्त्याला अंधारात जंगलात शिरलं की वाघाची, अस्वलाची गाठ पडते. तिथे उजाडल्यावर घोळक्याने जायचं आणि दहापर्यंत परतायचं, एवढंच शक्य आहे.

ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरसाठी असतं. ते पेलाभर पाण्यात घोळून दिलं तर मीठ भयंकर जास्त होतं, विशेषतः लहान मुलांना. लिटरची खूण केलेली बाटली पाकिटासोबतच द्यावी. घोळलेलं पाणी २४ तासांनी ओतून टाकायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेलं ताक, पन्हं उत्तम. गोड पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द मिरवायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, ते लोकांपर्यंत पोचवायला हवं. त्या पेयांत मीठ कमी आणि साखरच जास्त असते.

आणि आता खरोखर ऊन लागलेला माणूस. बडबडतोय, झोक जातोय किंवा बेशुद्ध आहे, आणि अंग भट्टीसारखं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. कष्ट करताना कोसळलेल्याला भरपूर घाम असू शकतो. १०८ लावा, पण गाडीची वाट पाहत नुसतं सावलीत बसवून ठेवू नका. मेंदू आणि यकृत वाचवायला साधारण अर्ध्या तासाची मुदत असते. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

विदर्भात यासाठी नवारीच्या बाजेसारखं साधन नाही. बाज सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी ओढायची. अंगावरचे कपडे काढून माणसाला तिच्यावर निजवायचं. एकाने तांब्या-तांब्याने सगळ्या अंगावर सतत पाणी ओतायचं, दोघांनी दोन बाजूंनी सूप, पुठ्ठा, जे हाती येईल त्याने जोरात वारा घालायचा. बाजेच्या पट्ट्यांमधून पाणी खाली गळतं आणि पाठीखालूनही हवा लागते, म्हणजे सगळं अंग एकाच वेळी थंड होतं. जमिनीवर निजवलं तर पाठ तशीच तापलेली राहते. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. उलटी झाली तर लगेच कुशीवर. दमट हवेत वाऱ्याने भागत नाही. तिथे ताडपत्रीच्या खोळीत माणूस ठेवून चार-सहा जणांनी कडा धरायच्या, मासळी बाजारातून आणलेला बर्फ आणि शंभरेक लिटर पाणी ओतायचं, डोकं बाहेर आणि एकाचा हात कायम हनुवटीखाली. कापरं भरलं, शुद्ध आली की थांबायचं, आणि तरीही दवाखान्यात न्यायचंच.

तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. पॅरासिटामॉल द्यायची नाही. हा ताप जंतूंमुळे मेंदूने चढवलेला नाही, त्यामुळे गोळी उतरवत नाही आणि यकृतावर मात्र भार टाकते. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबायचं नाही, वरची कातडी थंड झाली की तो कमीच दाखवतो. कांदा खिशात ठेवायला हरकत नाही, पण तो हुंगवण्यात दहा मिनिटं घालवू नयेत. हा सगळा प्रकार अंगणवाडीच्या आवारात मार्चमध्ये एकदा करून पाहावा, खऱ्या बाजेवर, खऱ्या पाण्याने. बाज कोणाची, टाकी कोणाची, बर्फ कोणत्या दुकानात हे तेव्हाच कळतं. दुपारी वीज गेली की नळयोजनेचा पंपही बसतो, म्हणून टाकी अकराच्या आत भरलेली असावी.

ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद वही काढून मागच्या पाच वर्षांच्या एप्रिल ते जूनच्या तारखा एका कागदावर उतरवा आणि शेजारी त्या दिवशीचं कमाल-किमान तापमान लिहा. वहीत उष्माघात हा शब्द क्वचितच सापडेल. हृदयविकार, अशक्तपणा, वृद्धापकाळ असंच लिहिलेलं असेल. पण गाव लहान असलं तरी तीन-चार गावं मिळून पाहिलं तर कुठल्या आठवड्यात तिरडी जास्त वेळा उचलली ते दिसू लागतं, आणि आपला उंबरठा कुठे ठेवायचा ते ठरवता येतं.

शेवटची गफलत जूनमध्ये होते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापते दिवस, सरला, रोहिणीच्या दोन सरी आल्या की लोक जाळ्या उतरवतात, फेऱ्या थांबतात. नेमकं तेव्हा पारा ४० च्या घरात आणि हवा ओली, अशी घुसमट पडते. कूलर आता फक्त दमट हवा फेकतो, वादळाने वीज गेलेली असते आणि पेरणीपूर्व कामासाठी सगळे शेतात असतात. या दिवसांत कूलरचा टुल्लू बंद करून नुसता पंखा चालवायचा, अंगावर ओलं फडकं फिरवायचं आणि पाच घरांची फेरी चालूच ठेवायची. मृगाचा पाऊस सलग तीन-चार दिवस लागून रात्री पांघरूण घ्यावंसं वाटेपर्यंत यादी भिंतीवरून काढायची नाही.